तीन बोटांचं जाळं

आमची आत्या जाळी विणते आणि मापाला पट्टी लावणाऱ्यांना हसते. भोकात डाव्या हाताची तीन बोटं बसली पाहिजेत, बस्स. त्यातून सुटलेलं पिल्लू पुढच्या वर्षी मोठं होऊन येतं, असं तिचं म्हणणं. काठावरच्या सगळ्या होड्या तिच्या बोटांवर जगल्या आणि तिच्या जिभेला भ्यायल्या. मी तर तिच्याच घरी वाढलो, त्यामुळे मला दोन्ही दुप्पट मिळालं.

गेली काही वर्षं नदीचं काही खरं नाही. पाऊस चार दिवसांत धो धो कोसळून डोह गाळानं बुजवतो, आणि मग उन्हाळाभर पाणी घोट्याएवढं, तेही कोमट. ज्या पाणगवतात मासे अंडी घालायचे, ते उघडं पडून वाळतं. मोठा मासा दिसेना, तेव्हा मी आत्याकडे दोन बोटांचं जाळं मागितलं. ती म्हणाली, पिल्लंच खायची असतील तर जाळं दुसरीकडून आण, जेवायलाही तिकडेच जा. आणि मग मला जेवायला वाढलं.

तिनं विणलेलं नवं जाळं मी टाकलं, तर त्यात बोटभर पिल्लं भरून आली. मी मूग गिळून बसलो आणि तीन आठवडे ती विकली.

एके दिवशी आत्यानं माझी टोपली पाहिली. जाळं कुणाचं, म्हणून माझ्यावर तुटून पडली. तुझंच, म्हटलं. तिनं ते ओढून घरात नेलं. भिंतीवर तिनं तरुणपणी विणलेलं आतोबांचं जुनं जाळं होतं, त्याच्या भोकात तिनं तीन बोटं घातली. ती सैल हलली. चौथंही बोट सहज आत गेलं. म्हातारपणानं तिची बोटं काड्या झाली होती, आणि त्यांच्याबरोबर जाळंही बारीक होत गेलं होतं.

"तुला कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली. तिनं कात्री घेऊन नवं जाळं उभं कापलं आणि माझा हात धरून जुन्या जाळ्यात घातला. माझी तीन बोटं नेमकी बसली.

"चोराच्या हाती किल्ल्या," ती म्हणाली. "उद्या सकाळी ये."

आता रोज सकाळी मी तिच्या पायरीवर हात पुढे करून बसतो. ती माझ्या बोटांवर गाठी मारते आणि हललो की चापट देते.