गाणं तोडून काढायचा फोटो

मंडळी, आज सकाळी चिंचवडच्या संगीत महोत्सवात मी फोटो काढायला गेलो आणि शिसारी घेऊन परतलो.

मिरजेहून आलेल्या एक गायिका डोळे मिटून तोडी गात होत्या. तेवढ्यात संयोजक नव्या कारखान्याच्या साहेबांना घेऊन थेट मंचावर चढले.

"बाई, जरा सरका. साहेबांचा तंबोऱ्यासोबत फोटो घ्यायचाय."

गाणं तुटलं. बाई उठून बाजूला झाल्या. साहेब बुटांसकट बैठकीवर बसले, तंबोरा उलटा धरून हसले.

"काढा की राव!" संयोजक माझ्यावर खेकसले.

"मी गाणाऱ्यांचे फोटो काढतो," म्हणत मी फ्लॅशचा बल्ब काढून खिशात टाकला.

समोरच्या लोकांनी मात्र साहेबांसाठी टाळ्या वाजवल्या. तुमच्यापैकी कोण कोण होतं तिथे?