दलेंदा अयारीचा टेप

आमच्या केफ गावात दलेंदा अयारी आली की मुली आधी तिच्या हाताकडे बघत. हातात पिवळा टेप असे. राष्ट्रीय क्रीडा संस्थेची आमच्या भागातली ती एकमेव अधिकारी. मैदानं मोजायची, पोरांना पळवून बघायची, कागद राजधानीत, ट्युनिसला धाडायचे. मग तिथून प्रशिक्षक यायचा, चेंडू यायचे. तिची सही नाही, तर काहीच नाही. सगळे तिला मानाने 'लल्ला' म्हणत.

आमच्या युवाभवनात सभागृह एकच. एका टोकाला माझा रंगमंच, उरलेल्या जमिनीवर मुलींचा हँडबॉल. त्यांना प्रशिक्षक मिळाली होती; पण गुरुवारपर्यंत जागा मान्य झाली नाही, तर ती दुसऱ्या गावी जाणार होती. आणि आज बुधवार.

दलेंदाने भिंतीपासून मंचापर्यंत टेप ताणला. "बेचाळीस मीटर. हवेत चव्वेचाळीस."

"लिही की चव्वेचाळीस, लल्ला दलेंदा," पहारेकरी खमीस चहा पुढे करत म्हणाला. "कोण येतंय मोजायला?"

"मी येईन. गोलमागे जागा नसली की पोर सरळ लाकडावर आपटते. चहा राहू दे, काम आधी."

खमीसचा चेहरा उतरला. आमच्याकडे चहा नाकारणं म्हणजे माणूसच नाकारणं.

तिने मंचावर बोटांनी टकटक केली. "सी तिजानी, हा पुढचा भाग नंतरचा ना? लाकूड वेगळं वाजतंय."

नावाआधी मानाचं 'सी' लावलं, पण पकडला गेलोच! चाळीस वर्षं नट होतो मी. प्रेक्षक कमी होत गेले, तसा मीच सुताराकरवी मंच पुढे पुढे नेला. जे उरलेत, त्यांना तरी माझे डोळे दिसावेत म्हणून.

"किती पुढे आणलात?"

"दोन मीटर. आणि थोडा अहंकार."

"अहंकाराला माझ्या अर्जात रकाना नाही. पहार आहे का?"

मुली खिदळल्या. पहिली फळी मीच उचकटली. त्या फळीवर मी सात वेळा राजा म्हणून मेलो होतो. बाकीच्या फळ्या मुलींनी काढल्या; दलेंदा बाह्या सरसावून खिळे वेचत होती.

दुपारी पुन्हा टेप ताणला. "चव्वेचाळीस आणि चार बोटं. ही चार बोटं तुमची, सी तिजानी."

सही झाली. खमीसने नवा चहा आणला. एक घोट घेऊन ती म्हणाली, "साखर कमी पडली. रुसलास वाटतं?"

"तुझ्यावर रुसून जातोय कुठे!" म्हणत त्याने तिच्या पेल्यात दोन खडे टाकले.

सोमवारी प्रशिक्षक आली. आता संध्याकाळी उरलेल्या मंचावर मी आणि खमीस खुर्च्या टाकून बसतो. गोल झाला की टाळ्या मंचावरून वाजतात.