पंचिंग मशीनची भोकं

हेमंत गेल्याचं कळलं तेव्हा मी आयसेलिनच्या देशी दुकानात भाजी घेत होतो. त्याच्या मुलीचा, इराचा फोन आला. “काका, बाबा इज गॉन,” एवढंच म्हणाली. हातातली मेथीची जुडी मी परत ठेवली, मग उगाचच पुन्हा उचलली... सहा आठवडे झाले, अजून मला हेमंतचा राग येतो.

अमेरिकेत आल्यावर, स्टेट कॉलेज नावाच्या गावात शिकताना आम्ही एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी नागपूरचा, कॉम्प्युटरवाला. तो पुण्याचा, आपल्या आकाशगंगेशेजारच्या एका दीर्घिकेतल्या वायूच्या मागे लागलेला. ताऱ्यांच्या मधल्या जागेत लाखो अंश तापलेला वायू असतो, तो डोळ्यांना दिसत नाही, क्ष-किरणांत मात्र अंधुक चमकतो, हे त्याने मला वरण ढवळता ढवळता समजावलं. पण दुर्बिणीने घेतलेल्या चित्रात तारेही चमकतात, ते आधी काढून टाकायचे. खरं तर हे काम कॉम्प्युटरच करायचा. माझ्या टाळक्यात शिरावं म्हणून या पठ्ठ्याने चित्र कागदावर छापलं आणि पंचिंग मशीनने ताऱ्याचा एकेक ठिपका उडवला. “उरला तो माझा गॅस,” म्हणाला. गोल तुकडे सगळ्या खोलीभर. केराची पाळी माझी होती, मी चिडलो होतो.

त्या उरलेल्या चमकेवर त्याने सगळं आयुष्य लावलं. वेस्ट विंडसरला घर केलं, पण कायमची नोकरी कधी मिळाली नाही. बायको कंटाळून निघून गेली, इरा मात्र त्याच्याजवळ राहिली. चमक फार अंधुक, म्हणून दुर्बिणीने वेगवेगळ्या वर्षी टिपलेलं सगळं तो एकत्र मिळवूनच बघायचा. या हिवाळ्यात, केमोच्या मधल्या दिवसांत वेळ जाईना म्हणून त्याने ते पहिल्यांदा सुटं करून पाहिलं... आणि चमक दर वर्षी कमी-जास्त होताना दिसली. दीर्घिकेएवढा पसारा असा वर्षा-दोन वर्षांत बदलत नाही. बदलतो तो सूर्याकडून वाहणारा वारा, आणि तोही आपल्या अगदी दाराशी क्ष-किरणांत तसाच चमकतो.

आमच्या शेवटच्या भेटीत त्याने हे सांगितलं. मी म्हणालो, पुन्हा निरीक्षण कर, थोडं तरी तिथलं निघेल. त्याने लॅपटॉप मिटला.

“माझा गॅस इथलाच होता रे,” म्हणाला. “इराला सांगू नकोस.”

चूक कळवणारं पत्र त्याने त्याच आठवड्यात जर्नलला पाठवलं. तसली जर्नलं इरा वाचत नाही. मी त्याला धीर द्यायला हवा होता.

परवा त्याच्या घरी गेलो. इराने तो भोकाभोकांचा कागद फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. “काका, बाबा फाउंड इट, राइट? बाबाचा गॅस?”

मी हो म्हणालो. ती चहा करायला गेली आणि मी फ्रेमसमोर उभा राहिलो. त्या दीर्घिकेतलं खरोखरचं जे होतं ते त्या भोकांतून निघून गेलं होतं, आणि ते मीच झाडून केरात टाकलं होतं.