जामीनदाराची सही

दुकानात सगळे तिला ‘अर्धी डॉक्टर’ म्हणत. एक तर ती डॉक्टर नव्हती, डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं चार वर्षांचं शिक्षण तिने घेतलं होतं. आणि नोकरीही अर्ध्याच दिवसाची, दुपारी तीन ते सात. चष्म्याच्या दुकानामागे पडदा लावलेली खोली, एक खुर्ची, एक यंत्र, भिंगांची पेटी, एवढा तिचा कारभार. “पुढच्या वर्षी तुला पूर्ण वेळ करतो,” असं मालक गेली पाच वर्षं इतक्या मनापासून सांगत होते, की त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

पगार अर्धा असला तरी शिक्षणकर्जाचा हप्ता पुरा जायचा. ती सकाळी शिकवण्या घ्यायची, चप्पल तिसऱ्यांदा शिवून आणायची. लग्नाचा विषय निघाला की “आधी हे उरकू दे” म्हणायची. विचारणारेच शेवटी दमले.

कर्जाला जामीनदार होते तिचे वडील. शिंपीकाम करणारा माणूस. सही करताना बँकेतल्या साहेबाने चारचौघांत विचारलं होतं, “हिनं नाही फेडलं तर तुम्ही कुठून भरणार?” बाबा खाली मान घालून उभे राहिले. ते तिच्या जिव्हारी लागलं. तिथल्या तिथे तिने ठरवलं, बाबांच्या खिशातून यात पैसुद्धा जाऊ द्यायची नाही आणि त्यांचं नाव त्या कागदावरून आपण उतरवायचं. घरी येऊन तिने त्यांना शपथच घातली.

“बरं बाई,” बाबा म्हणाले. “मी आपला बसून खातो.”

हप्ता पगारातून परस्पर वळता व्हायचा. बाकीचा आकडा ती पाहतच नसे; झालेल्या हप्त्यांवर तेवढ्या कॅलेंडरवर फुल्या मारायची. तिच्या हिशेबाने चौदा हप्ते राहिले असताना बँकेचा निरोप आला, शाखेत येऊन जा. कुठला तरी हप्ता चुकला असणार, असं धरून ती धास्तावून गेली.

“संपलं तुमचं कर्ज, ताई,” खिडकीतला कारकून म्हणाला.

“कसं संपेल? अजून चौदा हप्ते आहेत.”

“जामीनदार वरचेवर रोख भरत होते ना.” त्याने पावत्यांचा गठ्ठाच पुढे ठेवला.

तिने एकेक पावती उलटली. पहिल्या पावत्यांवर बाबांचं बारीक, रेखीव अक्षर होतं, मापाच्या वहीत असायचं तसं. सहा महिन्यांनी ते मोठं झालं. मग ओळ सुटली, आकडे रकान्याबाहेर गेले. शेवटच्या पावत्यांवर अक्षर दुसऱ्याचं. सही तेवढी बाबांची, तिरकी, कागदाच्या पार कडेला. दुपारभर परक्यांचे डोळे तपासणाऱ्या बाईला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

“शेवटी शेवटी मीच लिहून द्यायचो,” कारकून म्हणाला. “दिसत नव्हतं ना त्यांना. तुम्हाला माहीत असेलच.”

“हो,” ती म्हणाली. माहीत नव्हतं म्हणायची तिला लाज वाटली.

घरी बाबा खिडकीशी बसले होते. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता होता, तिच्या कॉलेजच्या दिवसांपासूनचा. दरवर्षी ती त्यावरच त्यांचे डोळे तपासायची. दुकानात चला म्हटलं की, “तिथं कशाला गर्दी, इथंच बघ,” हे ठरलेलं उत्तर.

“बाबा, तक्ता वाचा बरं.”

त्यांनी एक डोळा झाकला आणि शेवटच्या बारीक ओळीपर्यंत धडाधडा वाचून दाखवलं. तिने आवाज न करता तक्ता खिळ्यावरून काढला. पाठीमागे धरला.

“आता दुसऱ्या डोळ्यानं.”

बाबांनी हात बदलला, आणि मोकळ्या भिंतीकडे बघत पुन्हा तीच अक्षरं, त्याच क्रमाने, एकही न चुकता म्हटली.

तिने तक्ता खाली ठेवला. “बाबा, कधीपासून?”

“तू घोकायचीस ना मोठमोठ्यानं, तेव्हाचंच पाठ आहे.”

“ते नाही विचारलं मी.”

“तीन वर्षं झाली. काचबिंदू म्हणाले डॉक्टर. थेंब घालायचे, जन्मभर. महाग होते गं. शिलाईचे चार पैसे यायचे, त्यात एकच काहीतरी जमणार होतं.”

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखायची असते, हे तिने खुर्चीतल्या शेकडो माणसांना समजावलं होतं. तिला बाबांचा भयंकर राग आला, आणि पाच वर्षं ताठ मानेने फुल्या मारत बसलेल्या स्वतःचा त्याहून जास्त.

“उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं. शिकवण्या गेल्या खड्ड्यात.”

“जाऊ. कागद दिला का बँकेनं?”

तिने पिशवीतून कर्ज फिटल्याचा दाखला काढून त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो चाचपला, कडांवरून बोट फिरवलं आणि तिच्याकडे परत केला.

“वाचून दाखव.”

ती वाचू लागली. जामीनदाराच्या नावापाशी आली आणि थांबली.

“पुढं वाच ना,” बाबा म्हणाले.