मेन जेटमधली तार

पिरंगुटच्या घाटात गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मावशींना डायलिसिससाठी कोथरूडला पोचायला पन्नास मिनिटं उरली होती. गायकवाड सरांचा फोन आला. मी मोटरसायकल काढली आणि गॅरेजमधून दहा मिनिटांत वर पोचलो. सर बॉनेट उघडून उभे होते. मावशी, म्हणजे सरांच्या पत्नी, कठड्यावर बसल्या होत्या. पाय सुजलेले, चपला काढून बाजूला ठेवलेल्या.

"आलास व्हय?" त्या म्हणाल्या. "आता हितंच घर बांधून दे मला. ह्या गाडीचा लई जीव बसलाय या घाटावर."

मी हसू शकलो नाही. बॉनेटकडे न जाता आधी रस्त्यावर उभा राहिलो आणि हात करू लागलो. चार गाड्या निघून गेल्या. लवासाकडून येणारं एक जोडपं थांबलं. त्यांनी मागची सीट रिकामी केली, मावशींना आणि सरांना घेतलं. मावशींना खाली वाकून आत शिरायला बराच वेळ लागला.

त्यासाठीच तर सर ही जुनी पद्मिनी ठेवून होते. सीट उंच, दार मोठं, मावशी न वाकता बसत. आठवड्यातून दोनदा आमच्या भरे गावातून कोथरूड. भरे म्हटलं की कॅबवाले ट्रिप कॅन्सल करतात. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मी त्यांचा विद्यार्थी. गाडी दुरुस्तीला आमच्याच गॅरेजला यायची.

गॅरेज माझ्या थोरल्या भावाचं, सुभाषदादाचं. तो तीन महिन्यांपूर्वी गेला. गाडीखाली काम करता करताच छातीत कळ आली. मी डिप्लोमा केलेला, आधी एका कारखान्यात क्वालिटीला होतो. कारखाना बंद झाल्यावर त्याच्या हाताखाली आलो. बाकी सगळं त्याने शिकवलं, पण कार्बोरेटरला हात लावू दिला नाही. "तू पुस्तक वाच. कान माजा हाय," म्हणायचा. इंजिन चालू ठेवून, मान तिरपी करून, स्क्रूड्रायव्हर केसभर फिरवून तो सेटिंग करायचा. झालं की स्क्रूवर वहिनीच्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका द्यायचा. ठिपका तडकलेला दिसला की दुसऱ्या कुणी हात घातलाय हे त्याला कळायचं.

सरांनी पहिल्यांदा गाडी आणली ती दादा गेल्यानंतर दोन महिन्यांनी. तक्रार अशी : सपाटीला ठीक चालते, चढाला आचके देते, एकदा घाटात बंदही पडली, कार्बोरेटरमधून फट् फट् आवाज येतो. आमच्या भाषेत गाडी मिसिंग मारते. मी प्लग काढले. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असेल तर पेट्रोल आणि हवा बरोबर मिसळतायत असं समजतात. काळं असेल तर पेट्रोल जास्त. हे टोक खडूसारखं पांढरं होतं. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. पुस्तकात पहिल्याच प्रकरणात असतं हे.

पेट्रोल आणि हवा मिसळायचं काम कार्बोरेटरचं. मी तिकडे पाहिलं. लाल ठिपका जागेवर होता, अखंड. मी ते पांढरे प्लग फेकून दिले आणि नवे लावले. सोबत ठिणगीसाठी लागणारे पॉइंट आणि कंडेन्सर बदलला. पौडच्या बाजूला सपाट रस्त्यावर एकटाच चक्कर मारून आलो. गाडी छान चालली.

"काय होतं रे?" सरांनी विचारलं.

"इग्निशनचा प्रॉब्लेम होता सर."

दहा दिवसांनी ती घाटात पुन्हा अडली. त्या वेळी मागून कुणीतरी धक्का दिला आणि मावशी अर्धा तास उशिरा का होईना, पोचल्या. मी फ्युएल पंपाचा पडदा बदलला, फिल्टर बदलला, टाकी साफ केली. म्हणजे कार्बोरेटरपर्यंत येणारं सगळं तपासलं आणि तिथे थांबलो. पुन्हा सपाटीलाच चक्कर मारली. घाटात न्यायला हवी होती. मला वाटतं, तिथे काय दिसेल हे मला माहीत होतं.

मावशींना घेऊन ते जोडपं निघून गेल्यावर मी गाडीत बसलो. इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला. आचके सुरू झाले. मी चोक अर्धा ओढला. चोक ओढला की हवा कमी होते आणि त्या मानाने पेट्रोल वाढतं. आचके थांबले. गाडी एका दमात घाट चढून गेली. दोन मिनिटांची ही चाचणी मी महिन्याभरापूर्वी करू शकलो असतो. सरांना फोनवर सांगितली असती, तरी ते स्वतः चढून गेले असते.

गॅरेजला आलो. शटर अर्धं ओढून घेतलं. ठिपक्यावर स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि फिरवला. मग झाकण काढलं. आत मेन जेट असतो, पितळेचा, मधोमध बारीक भोक असलेला. सगळं पेट्रोल त्या भोकातून जातं. भोकात तांब्याची केसाएवढी तार होती, वरून नीट वळवून अडकवलेली. काम सुबक होतं. दादाचंच.

अ‍ॅव्हरेज वाढवून द्या म्हणून मागे लागणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी जुने मेकॅनिक हे करत आले आहेत. भोक लहान झालं की पेट्रोल कमी जातं. जुन्या पेट्रोलवर ते कसंबसं चालून जायचं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असतं, त्यामुळे इंजिनाला तेवढ्याच हवेसाठी जास्त पेट्रोल लागतं. सपाटीला भागतं. चढाला, माणसं बसलेली असताना, भागत नाही. दादा असता तर एकदा ऐकून त्याने तार काढली असती आणि कुणाला काही सांगितलं नसतं.

मी तार काढली. इतक्यात सरांचा फोन आला.

"प्रकाश, वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकलो, उशीर झाला. मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं. उद्या या म्हणतात."

"मावशी कशा आहेत?"

"धाप लागतेय जरा. रिक्षा मिळाली परतीची."

मी त्यांना सांगायला हवं होतं, की घरी जाऊ नका, तिथेच बसून राहा, भांडा. मी म्हणालो, "गाडी झाली सर. उद्या मी स्वतः नेतो."

पहाटे मावशींच्या फुफ्फुसांत पाणी भरलं. अ‍ॅम्ब्युलन्सने नेलं. मी हॉस्पिटलला गेलो तेव्हा सर आयसीयूच्या बाहेर बाकावर बसले होते. मी कागदात गुंडाळलेली तार त्यांच्या हातावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. प्लगचंही सांगितलं.

त्यांनी तार चिमटीत धरून उजेडात पाहिली.

"मीच घालायला लावली होती रे. सुभाष नको म्हणत होता. मी म्हटलं, पेन्शनीत परवडत नाही, काहीतरी कर." मग म्हणाले, "पण तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"हो सर."

"मग?"

"भावाचं काम होतं," एवढंच म्हणालो. सरांनी मान हलवली. ती समजल्याची होती की कसली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाचव्या दिवशी मावशी गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं, एक डायलिसिस चुकलं म्हणूनच झालं असं नाही. आम्ही दोघांनी ते ऐकून घेतलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मावशींच्या श्रद्धांजलीच्या, दिवशी मी मागे बसलो होतो. सर जवळ येऊन म्हणाले, "जेवून जा." मी जेवलो.

त्यानंतर दादाच्या हातच्या सगळ्या कार्बोरेटरच्या गाड्या मी एकेक करून बोलावून घेतल्या. आणखी तीन गाड्यांत तार निघाली. जवळच्या चांदे गावच्या एका गिऱ्हाइकाला ते आवडलं नाही. "सुभाषशेटनं केलेलं काम हाय ते," तो म्हणाला. "गाडी चांगली चालतीया. उगं कशाला उघडतुयास?"

मी म्हणालो, "त्यानं केलंय म्हणूनच," आणि झाकणाचा पहिला स्क्रू सैल केला.