'किंवा'ला 'हव' म्हणणारे सर

दिनकर सरांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि पुढच्या महिन्यात ते पुण्याला मुलाकडे कायमचे जाणार आहेत. सत्कार समितीने मला 'निरोपाचे चार शब्द' मागितले. निरोपाचा एकही शब्द मी लिहिणार नाही. गौरवाचे हवे तितके घ्या.

रायपुरातल्या समता कॉलोनीतल्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला रुजू झाले, तेव्हा सरांची ओळख आधी भिंतीपलीकडून झाली. "दोनों एक साथ हो सकते हैं क्या?" असा खणखणीत प्रश्न, आणि मुलींचा गजर, "नहीं सर!" हे गृहस्थ लग्नं जुळवतात की मोडतात, ते बघायला मी गेले.

सर संभाव्यता शिकवत होते. एका फाशावर दोन आणि पाच एकदम पडत नाहीत. एक पडला की दुसरा बाद. अशा घटना परस्पर अपवर्जक. तिथे 'किंवा' आलं की सरळ बेरीज करावी. मग त्यांनी विचारलं, सम अंक किंवा तिनाहून मोठा अंक? मुलींनी अर्ध्यात अर्धा मिळवला. उत्तर एक, म्हणजे खात्रीच! सर एक हा अंक येईपर्यंत फासा टाकत राहिले. "ये कहाँ से आया?" मुलींनी पुन्हा मोजलं. चार आणि सहा दोन्हीकडे होते, म्हणून दोनदा मोजले गेले. मधल्या सुट्टीत सर मला म्हणाले, "मॅडम, बेरीज साऱ्याइले येते. पण दोन्ही एकत्र होतात का, हे आधी कोणी विचारूनच नाही राहिलं."

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "आप लोग महाराष्ट्र के हैं या छत्तीसगढ़ के?" सर नम्रपणे म्हणाले, "हव." छत्तीसगढीत 'हव' म्हणजे 'हो'. सरांचं मराठी घराणं इथे भोसल्यांचं राज्य होतं तेव्हापासून रायपुरातल्या पुरानी बस्तीत आहे. साहेब पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. पुढे काहीच नव्हतं.

माझे पती इस्पितळात होते, तेव्हा सरांनी माझे इंग्रजीचे तास न मागता घेतले. मी परतल्यावर एक पोट्टी म्हणाली, "मैम, सर की इंग्लिश गणित जैसी है, पर समझ में आती है." तो 'पर' मला अजून झोंबतो.

कॉन्व्हेंटमुळे माझी मराठी उशिरा सुरू झाली, ती सरांच्या ओट्यावर, चहाबरोबर भांडत. आज या शहरात माझ्याशी मराठीत भांडणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. सर अजून गेले नाहीत, तरी संध्याकाळी त्यांच्या गल्लीत शिरताना मला आताच त्यांची आठवण येते.

गेल्या रविवारी सरांच्या सामानाची बांधाबांध करायला पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाला, बाबांना नेऊ नकोस म्हणून, मी मराठीत झापलं. उत्तर हिंदीत आलं, "आंटी, या तो बाबा की तबीयत देख लो, या रायपुर." 'दोनों एक साथ हो सकते हैं क्या' हे सरांनी साऱ्या शाळेला विचारलं, मुलाला विचारवेना.

सरांना उदंड आयुष्य लाभो, धडधाकट लाभो, आणि ते रायपुरात लाभो. या घटना एकत्र घडू शकतात. समितीने एवढं वाक्य त्यांच्या मुलाला वाचून दाखवावं. मराठी त्याला चांगली समजते.