पूलवाल्या ऑर्विलची साक्ष

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात जहाजांच्या कालव्यावरचा पोलादी पूल ऑर्विल डेल्विश एकतीस वर्षं उचलत होता, आणि एकतीस वर्षं त्याला मनसोक्त शिव्या घालत होता. खालून भोंगा वाजला की फाटकं पाडायची, हायवे अडवायचा, पुलाचे दोन्ही पंख आभाळाकडे! मग एखादा शेठ शिडाच्या नौकेतून हात हलवत असा निघायचा, जणू नाटकात राजाचा प्रवेश.

जुलैत पोलाद उन्हानं फुगायचं. वर गेलेले पंख खाली येऊन एकमेकांत बसत नसत. ऑर्विल पाइपानं पाणी मारत पुलावर, जणू ती बाईच, ओरडायचा, "म्हातारे, मीट की तोंड!" दोन्हीकडच्या गाड्यांतून उद्धार मात्र त्याचा व्हायचा. त्यात पुलावरच्या त्याच्या केबिनला संडास नव्हता.

पूल पाडायचा की दुरुस्त करायचा, यावर नगरभवनात सुनावणी लागली, तेव्हा पाडणाऱ्यांनी हक्काचा साक्षीदार म्हणून ऑर्विललाच धरलं. नव्या पुलावर त्याला गार केबिन मिळणार होती, संडासासकट. बायकोनं, लिओनानं, शर्टाला इस्त्री केली. "जा, एकदाचा सोक्षमोक्ष लाव त्या सवतीचा."

आधी बाहेरगावचा इंजिनियर बोलला. "भंगार आहे. कधी कोसळेल, नेम नाही."

मग ऑर्विल उठला. फुगणं, अडकणं, संडासाची कळ दाबून बसणं, सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं. सभागृह पोट धरून हसलं.

"थोडक्यात, पूल धोकादायक," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तसं लिहून घेऊ?"

ऑर्विलच्या डोळ्यांपुढे तो पांढराशुभ्र संडास आला. त्यानं घसा खाकरला.

"नाही बाई. हट्टी लिहा, खडूस लिहा. पण वर गेली आणि खाली आलीच नाही, असं एकदाही झालं नाही. आणि हे साहेब कधी तिच्यावर चढलेत का? कागद बघून कोसळवताय होय?"

"अरे, तू आमचा साक्षीदार!" पाडणाऱ्यांचा पुढारी, किराणावाला फेबियन, किंचाळला.

"शिव्या विचारत होतास तोवर तुझा होतो, फेबियन. बाईंनी खरं विचारलं."

मतदानात एका मताच्या फरकानं पूल वाचला.

रविवारी चर्चच्या जेवणात मोठ्या कढईतला कोंबडीचा रस्सा वाढायला फेबियनच उभा होता. त्यानं ऑर्विलच्या वाडग्यात नुसती हाडं आणि अर्धा बटाटा टाकला. लिओना त्याच्या हातातला डाव हिसकावायला निघाली.

"बस खाली," ऑर्विल म्हणाला, "त्याचं काही चुकलं नाही," आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज करत त्यानं पहिलं हाड चोखलं.